प्रकरण अकरावे : मिरिकाला क्षमा करण्याची बैठक

मिरिकाचा निरोप शुक्रवारी दुपारी आला आणि तो ऐकून झाबुलोनीच्या घरातले चहाचे कप ओठांपर्यंत जाऊन थांबले. तळ्यापलीकडून कांदे विकायला येणाऱ्या बाईने तो आणला होता, आणि वाटेत शब्द सांडू नये म्हणून घोकतच आणला होता. 'लग्नाला येईन. पोरीजवळ बसेन, तिला घेऊन सासरी जाईन, आत्याने करायचं ते सगळं करीन. फक्त मला क्षमा करू नका.'

"करू नका म्हणजे?" झाबुलोनीची बायको दोरोकासी म्हणाली. "आम्ही केलेलीसुद्धा आहे!"

हे खोटे नव्हते. दरवर्षी आजोबांच्या स्मरणाच्या दिवशी घराण्याची प्रार्थना झाली की थोरला भाऊ झाबुलोनी उभा राही, तळ्याच्या दिशेने तोंड करून डोळे मिटी आणि आपल्या गैरहजर बहिणीला क्षमा करी. चाळीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता. एका वर्षी त्याला हिवताप होता, तेव्हा त्याने अंथरुणातून केली. क्षमा करताना त्याचा आवाज असा काही लागे, की टेकडीवरच्या इतर घराण्यांना आपल्याकडे क्षमा करण्याजोगे कोणी नाही याची खंत वाटे.

"पण बाबा, आत्याला कधी विचारलंत का?" निन्सिमाने विचारले. लग्न तिचेच होते. कबालेच्या इस्पितळात ती नर्स होती, आणि विचारू नये ते विचारायची सवय तिला तिथेच लागली असावी, असे तिच्या आईचे मत होते.

"क्षमा विचारून करतात का?" झाबुलोनी म्हणाला. "देव विचारतो?"

धाकटा भाऊ येरेमिया मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसला होता.  त्याने कपातल्या चहावर जमलेली साय चमच्याने बाजूला केली, मग ती पुन्हा मध्ये आणली. गेल्या चाळीस वर्षांत झाबुलोनीच्या प्रत्येक क्षमेनंतर सगळ्यांत आधी 'आमेन' म्हटले होते ते त्याने. आणि ज्या पापाची मिरिकाला क्षमा होत होती, ते त्याचे होते.

*

पेच साधा होता. आत्याशिवाय मुलगी घराबाहेर पडत नाही. बापाची बहीण नवरीजवळ बसते, तिच्या कानात सांगायचे ते सांगते, तिच्याबरोबर सासरी जाते. आत्या नसेल तर मुलगी दिली असे कोणी म्हणत नाही, पळवली म्हणतात. झाबुलोनीला बहीण एकच होती. आणि मुलाकडची माणसे अंकोले प्रांताची, चार पिढ्यांची तारण पावलेली, म्हणजे दारू-पाप सोडून प्रभूची झालेली. गेल्या महिन्यात येऊन त्यांनी मुलीबद्दल द्यायच्या गाईंचे बोलणे पाच मिनिटांत उरकले होते, आणि मग मुलाच्या काकाने हळूच विचारले होते, "मुलीची आत्या... उजेडात चालते ना?"

या टेकडीवर उजेडात चालणे म्हणजे काय, हे शेळ्यांनाही ठाऊक होते. मनात पाप ठेवायचे नाही. मंडळीत उभे राहायचे, ते चारचौघांपुढे मांडायचे, ज्याचे वाईट चिंतले त्याची तिथल्या तिथे माफी मागायची, त्याने मिठी मारायची, सगळ्यांनी गायचे. येरेमियाच्या बापाच्या काळी माणसे असे उभे राहून चोरलेल्या शेळ्या परत करत. हल्ली शेळ्या राहिल्या नव्हत्या, पण उभे राहणे राहिले होते. त्यातही ज्याची त्याची हातोटी असे. दोरोकासीची हातोटी अशी, की पाप तिचे असे आणि अब्रू दुसऱ्याची जाई. 'भावांनो, मला कबूल करायचंय, की माझ्या शेजारणीची मुलगी लग्नाआधी दोनदा कंपालाला जाऊन आली हे कळल्यावर माझ्या मनात तिच्याविषयी प्रेम उरलं नाही. मला क्षमा करा.' तिला लगेच क्षमा होई. शेजारीण मात्र महिनाभर तोंड चुकवत फिरे.

येरेमियाची हातोटी वेगळी. तो बारीकसारीक पापे मांडी. दुसऱ्या मास्तराच्या सायकलीचा हेवा वाटला, मुलांच्या वह्या तपासताना डुलकी लागली, प्रार्थनेत बटाट्यांचा विचार आला. असे तो दर आठवड्याला नेमाने मांडी, आणि लोक म्हणत, काय निर्मळ माणूस आहे, याच्यापाशी याहून मोठे सापडतच नाही. लहान पापे ओळीने लावली की त्यांच्यामागे मोठे पाप अगदी आरामात मावते, हे त्याला सतराव्या वर्षीच कळले होते.

त्या वर्षी बिशप येणार होते. येरेमियाचे वडील एरिसा यांनी वीस वर्षे खपून टेकडीवर विटांचे देऊळ उभे केले होते. त्या दिवशी देवळाचे समर्पण व्हायचे होते आणि एरिसांना मंडळीचा मानाचा पट्टा मिळायचा होता. पाहुण्यांना बुशेरा द्यायचा ठरला. मोड आणलेली ज्वारी दळून केलेली ही आंबील पहिल्या-दुसऱ्या दिवशी गोड असते, लेकराला पाजावी अशी; चार दिवस राहू दिली आणि जुने विरजण घातले की तीच माणसाला नाचायला लावते. तारण पावलेले पहिल्या दिवसाची पितात. बाकीचे वाट पाहतात. रंग दोन्हींचा एकच.

ते सगळे काम मिरिकाचे होते. तेवीस वर्षांची, हाताला चव असलेली, देवळातल्याच एका तरुण प्रचारकाशी वाङ्‌निश्चय झालेली. तिने वाळक्या भोपळ्याचे बारा तुंबे भरून कोठाराच्या मागच्या गारव्यात ओळीने ठेवले. येरेमियाचे चार मित्र दुसऱ्या दिवशी दूरच्या शाळेत जाणार होते. त्यांच्या निरोपासाठी त्याने पाच दिवसांचा एक मोठा तुंबा कुठूनसा मिळवला होता. लपवायला जागा नव्हती. तुंबा लपवायला तुंब्यांच्या ओळीपेक्षा चांगली जागा कोणती? त्याने तो अगदी मागे, भिंतीशी ठेवला. सकाळी मिरिकाला वाटले, आईने खास मानकऱ्यांसाठी वेगळा काढून ठेवला आहे. तिने तो उचलून बिशपांच्या टेबलावर नेला.

बिशपांनी दुसऱ्यांदा मागितला. तिसऱ्यांदा मागताना, या टेकडीवरच्या भगिनींच्या हातावर प्रभूचा विशेष आशीर्वाद आहे, असे ते म्हणाले. मग वडीलधाऱ्यांपैकी एक उठला आणि न विचारता साक्ष देऊ लागला. देवळाच्या जमिनीचा दगड आपण रात्रीतून सात पावले सरकवला, असे त्याने सांगितले. ते ऐकून गायकांचा म्होरक्या रडू लागला आणि त्याने दोन बायकांची नावे घेतली. त्यातली एक दगडवाल्याची होती. त्या दिवशी या टेकडीवर जेवढी खरी पापे उजेडात आली, तेवढी त्याआधी आली नव्हती आणि नंतरही आली नाहीत. म्हणूनच ते कोणी विसरू शकले नाही. बिशपांची मोटार पट्टा घेऊनच परत गेली. एरिसा पुढे अकरा वर्षे पहिल्या बाकावर साध्या कोटात बसले आणि 'मिरिकाला मी क्षमा केली आहे' असे म्हणत गेले.

प्रचारकाच्या घरच्यांनी आठवड्याच्या आत वाङ्‌निश्चय मोडला. येरेमिया येत्या रविवारी सगळे सांगणार होता. शनिवारी मिरिका तळ्यापलीकडे निघून गेली होती. मग तो त्याच्या पुढच्या रविवारी सांगणार होता.

*

मिरिका शनिवारी दुपारी आली. आपली होडी आपणच वल्हवत आली. तिकडे तिने एका कॅथलिक होडीवाल्याशी लग्न केले होते. तो जाऊनही आता नऊ वर्षे झाली होती. त्रेसष्टाव्या वर्षीही तिचे खांदे एखाद्या माणसाला पाण्यातून ओढून काढतील असे होते. हातात काळी छत्री, काखेत मटारची टोपली. टोपली तिने निन्सिमाच्या हातात दिली, तिचे गाल दोन्ही हातांत धरले, आणि मग बैठकीच्या खोलीत शिरली.

खोलीत विणलेले पांढरे रुमाल टाकलेल्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधली खुर्ची रिकामी होती. मिरिकाने ती पाहिली आणि दाराजवळ, येरेमियाशेजारच्या बाकावर बसली.

"तिकडे बस ना, मिरिका," झाबुलोनी म्हणाला. "तुझ्यासाठीच ठेवलीय."

"मधे बकरा बसवतात, दादा. मी इथं बरी आहे."

झाबुलोनीने प्रार्थना केली. प्रार्थनेत त्याने देवाला घराण्याचा सगळा इतिहास सांगितला, जणू देव तेव्हा गावाला गेला होता. नंतर दोरोकासी उभी राहिली.

"स्तुती असो. मला आज एक उजेडात आणायचंय. वन्सं, तुम्ही पलीकडे जाऊन कॅथलिकाशी लग्न केलंत, सासूबाईंच्या मयतीला उशिरा आलात आणि आलात तेव्हा पिवळं पातळ नेसला होतात, तेव्हा माझ्या मनात तुमच्याविषयी कडू मूळ धरलं. ते मूळ मी आज उपटते. मला क्षमा करा."

"केली," मिरिका म्हणाली.

दोरोकासी गांगरली. एवढ्या लवकर तिला कोणी कधी मोकळे केले नव्हते. "म्हणजे... अजून आहे," ती म्हणाली.

"असणारच. बस खाली. पातळ हिरवं होतं."

निन्सिमाने तोंडाला रुमाल लावला. झाबुलोनी खाकरला. "मिरिका, हसण्यावारी नेऊ नकोस. आम्ही तुझ्याकडून फार मागत नाही. एकच वाक्य. 'माझ्या हातून घडलं, मला माफ करा.' तू म्हण, मी मिठी मारतो, गाणं म्हणू, जेवू. घेवडा शिजलाय."

"मी केलं नाही, दादा."

"बाबांनी मरताना तुला क्षमा केली."

"बाबांनी न केलेल्याची क्षमा केली. केल्याची कोण करणार?" मिरिका शांतपणे म्हणाली. "मी तिकडे चर्चला जाते. तिथं पाप एका माणसाला सांगायचं असतं, तेही जाळीतून, हळू आवाजात. म्हातारा पाद्री आहे, कमी ऐकू येतं त्याला. चाळीस वर्षांत मी त्याला नवऱ्याशी भांडले ते सांगितलं, शेजारणीचे कांदे उपटले ते सांगितलं. बुशेऱ्याचं एकदा सांगून बघितलं, नुसती सुटका व्हावी म्हणून. तो म्हणाला, बाई, न केलेलं पाप कबूल करणं हे खोटं बोलणं आहे, त्याबद्दल तीन प्रार्थना म्हण."

"कमी ऐकू येतं म्हणालीस ना?" दोरोकासी म्हणाली.

"तेवढं बरोबर ऐकलं त्यानं."

 येरेमिया बाकावर पुढे सरकला. तो मिरिकाच्या इतका जवळ बसला होता, की तिच्या अंगाला येणारा तळ्याच्या पाण्याचा आणि कांद्याचा वास त्याला येत होता. आता उठावे, असे त्याला वाटले. मग वाटले, दादाचे बोलणे संपू द्यावे, मधे तोडणे बरे नव्हे. सभ्यपणाने त्याला आजवर फार साथ दिली होती.

"ठीक," मिरिका म्हणाली. "तुम्ही म्हणता, मी केलं. तुम्ही म्हणता, क्षमाही केली. चाळीस वेळा. मग मला एक सांगा. या घरात पाहुण्यांना प्यायला काय देता?"

 सगळ्या टेकडीला ठाऊक होते. एरिसांच्या घराण्यात त्या दिवसानंतर बुशेरा शिजला नव्हता. बारशाला, मयतीला, देवळाच्या पंगतीला, पाहुणा कोणीही असो, त्याच्या हातात बाटलीतले संत्र्याचे गोड पाणी देत.

"पुढच्या शनिवारी अंकोलेची माणसं येणार," मिरिका म्हणाली. "त्यांना बुशेरा मी करून देते. माझ्या हातचा. ज्वारी तुमच्याच कोठारात आहे, येताना बघितली मी. द्या मला ती, तळ्यापलीकडे नेते, मोड आणते, दळते, शिजवते, शुक्रवारी भरून आणते. क्षमा केलीय ना? मग तुंबे माझ्या हाती द्या."

झाबुलोनीचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याला देवळाच्या छपरावरून उडी मारायला सांगितले.

"मिरिका," तो सावकाश म्हणाला, "हे बघ. क्षमा वेगळी आणि बुशेरा वेगळा."

"कसा वेगळा?"

"क्षमा अंतःकरणातली गोष्ट आहे. बुशेरा... बुशेरा पाहुणे पितात."

"बाबा!" निन्सिमा म्हणाली.

"तू गप्प बस. तुझंच लग्न आहे. मुलाचा काका मंडळीचा पंच आहे, त्याला काही झालं म्हणजे?"

मिरिका उठली. रागाने नाही, गाडी येणार नाही असे कळल्यावर माणूस स्टँडवरून उठतो तशी. "निन्सी, मी शुक्रवारी येईन," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर जाईन. यांनी येऊ दिलं तर."

"उजेडात न येता कशी जाशील तू?" झाबुलोनीने विचारले. "मी त्यांना काय सांगू?"

आणि येरेमिया उभा राहिला.

उभे राहण्याची त्याला सवय होती, म्हणून पाय आपोआप उभे राहिले. "स्तुती असो," तो म्हणाला. सवयीने सगळे 'आमेन' म्हणाले. दोरोकासीने घड्याळाकडे पाहिले. मास्तर आता सायकलीचे सांगणार.

"तो तुंबा माझा होता," येरेमिया म्हणाला.

खोलीत घेवड्याचा वास भरला होता. स्वयंपाकघरात झाकण खडखडले.

"भिंतीकडचा. पाच दिवसांचा. मित्रांसाठी आणला होता मी. लपवला. ताईला माहीत नव्हतं. ताईनं काही केलं नाही. मी केलं. आणि मी बोललो नाही."

चाळीस वर्षे त्याने या क्षणाची कल्पना केली होती. आकाश फाटेल, भाऊ कॉलर धरील, बाबांचा भिंतीवरचा फोटो खाली पडेल. घडले ते असे, की झाबुलोनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"बघा!" तो म्हणाला. "बघा, याला म्हणतात प्रेम! बहिणीचं पाप स्वतःच्या खांद्यावर घेतोय! प्रभूनं काय वेगळं केलं? मिरिका, बघ, तुझ्यासाठी हा निष्पाप माणूस..."

"दादा, मी खरंच..."

"मला ठाऊक आहे रे! ज्या माणसाच्या तोंडून चाळीस वर्षांत सायकलीपलीकडे पाप आलं नाही, तो म्हणे दारूचा तुंबा आणील!"

"मास्तरांचं मनच मऊ," दोरोकासी म्हणाली, आणि तिनेही डोळे पुसले. "वन्सं, आता तरी पाझर फुटू द्या."

येरेमिया उभाच राहिला. एवढी वर्षे त्याला भीती वाटत होती ती लोक मानतील याची. मानणार नाहीत, ही भीती त्याला सुचलीच नव्हती. त्याच्या निर्मळपणाने त्याला असे घट्ट बांधून ठेवले होते, की आता पाप दाराशी आले तरी त्याला कोणी आत घेत नव्हते.

"थांबा," मिरिका म्हणाली.

ती येरेमियासमोर आली. तिने त्याच्याकडे असे पाहिले, जसे ती आभाळाकडे पाहत असेल, होडी सोडण्याआधी.

"तुंब्याला काय झालं होतं?"

"गळ्याशी तडा गेला होता," येरेमिया म्हणाला. "मी शिवला होता. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं. वरून मेण लावलं होतं. सात टाके. आठव्याला सुई मोडली, म्हणून खालचं टोक तसंच राहिलं."

 मिरिका मागे सरली आणि एकदम बाकावर बसली.

"ते टोक बोटाला लागत होतं," ती म्हणाली. "ओतताना. तिथून गळत होतं, म्हणून मी अंगठा धरला होता त्यावर. बिशपांना ओतताना अंगठा धरून ओतला मी. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही." तिने अंगठा वर करून पाहिला. "बाबांनी सगळे तुंबे दगडावर फोडले त्याच संध्याकाळी. मला वाटायचं, आपल्या ओळीत शिवलेला तुंबा आलाच कुठून? चाळीस वर्षं वाटायचं."

 झाबुलोनीचे पसरलेले हात कोणीही मिठीत न आल्यामुळे हवेतच होते. त्याने ते हळूहळू खाली घेतले.

पहिली सावरली ती दोरोकासी. "मला कबूल करायचंय," ती म्हणाली, "की मला तेव्हापासूनच संशय होता."

"आई, पुरे," निन्सिमा म्हणाली.

"ताई," येरेमिया म्हणाला, "मला क्षमा कर." हे वाक्य त्याने हजारदा म्हटले होते, वह्यांबद्दल, डुलकीबद्दल. आज ते तोंडात वेगळेच लागले. "तुझं लग्न... तुझं सगळं..."

"नाही," मिरिका म्हणाली.

"काय?"

"आज नाही. येरेमिया, चाळीस वर्षं माझ्याकडे राग आहे आणि ठेवायला माणूस नाही. देवावर ठेवून बघितला, नवऱ्यावर ठेवला, बिचारा काही न करता ऐकून घ्यायचा. आज माणूस मिळालाय. मला जरा रागवू दे."

"रागव," येरेमिया म्हणाला.

"तुझी परवानगी नको मला!"

झाबुलोनीला इतका वेळ गप्प राहण्याचा सराव नव्हता. "चला," तो म्हणाला, "म्हणजे सगळंच स्पष्ट झालं. आमची चूक झाली असेल तर ती अजाणतेपणी झाली, आणि येरेमिया लहान होता, आणि मिरिका... तर मी आज घराण्यातला थोरला म्हणून सगळ्यांनाच क्षमा..."

"बाबा," निन्सिमा म्हणाली, "तुम्ही करायची नाही. मागायची."

झाबुलोनीने तोंड उघडले. क्षमा करण्याची सगळी वाक्ये त्याला मुखोद्गत होती, चढउतारांसकट. मागण्याची वाक्ये शोधायला तो आत गेला आणि तिथे अंधार असावा. "जर कुणाला," तो म्हणाला, "म्हणजे माझ्याकडून जर कुणाला असं वाटलं असेल..." मग तो थांबला. "घेवडा करपेल," तो म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. तो कधी स्वयंपाकघरात जात नसे.

"ज्वारी?" मिरिकाने विचारले.

दोरोकासीने नवरा गेला त्या दाराकडे पाहिले, नणंदेकडे पाहिले आणि कमरेची किल्ली काढून दिली. "पोतं जड आहे," ती म्हणाली. "आणि वन्सं, थोडा मलाही ठेवा बाजूला. नवी नवरी होते मी तेव्हा, मला त्या दिवशी मिळालाच नव्हता."

*

पोते येरेमियाने घेतले. मिरिकाने घ्यायला लावले. खांद्यावर नाही, डोक्यावर, बायका नेतात तसे. टेकडीवरून उतरणारी वाट देवळाला वळसा घालून बाजाराच्या मधून तळ्याकडे जाते, आणि शनिवार होता. बटाटे विकणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. शाळेतल्या दोन मुली 'नमस्ते सर' म्हणून पळाल्या आणि पुढे जाऊन पोट धरून हसल्या. येरेमियाची मान ताठरली होती, डोळ्यांत घाम उतरत होता. मिरिका पुढे मोकळ्या हातांनी चालली होती.

"देवळापाशी थांब," ती म्हणाली.

तो थांबला.

"काही नाही. नुसता उभा राहा. त्या दिवशी मीही राहिले होते."

तो उभा राहिला. पायऱ्यांवरच्या म्हातारीने विचारले, "मास्तर, काय झालं?" येरेमियाने सांगितले. पोत्याखालून, धापा टाकत, तुंब्यापासून सगळे सांगितले. म्हातारीने ते मान डोलावत ऐकले आणि म्हणाली, "तो गोड होता हो फार." तीही तिथे होती म्हणायची.

मागून कोणी तरी धावत येत होते. झाबुलोनी. अडुसष्ट वर्षांचा माणूस, जेवणाचा रुमाल अजून गळ्यात, हातात काळी छत्री. तो त्यांच्यापाशी पोहोचला आणि गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेऊ लागला. दोघे थांबले. बाजारातल्या बायकाही थांबल्या. झाबुलोनी बोलणार म्हणजे ऐकण्यासारखे असणार. त्याने मिरिकाकडे पाहिले. ओठ हलले. डोळे मिटायची सवय, ते मिटत आले, पण त्याने ते उघडे ठेवले.

"छत्री," तो म्हणाला. "विसरलीस."

मिरिकाने छत्री घेतली. "हे बरं बोललास, दादा," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

झाबुलोनीने मान हलवली आणि तो चढावर परत निघाला. अर्ध्या वाटेवर त्याने रुमाल गळ्यातून काढून खिशात घातला.

होडीत पोते ठेवल्यावर येरेमियाची मान सरळ होईना. मिरिकाने वल्हे हातात घेतले. टेकडीवर अजून झाबुलोनीचा छोटा दिसणारा पांढरा सदरा चढत होता, मधे मधे थांबत होता.

"छत्री," मिरिका पुटपुटली. तिच्या खांद्यांत काही तरी हलले. मग तिला हसू आवरेना. येरेमियालाही आवरले नाही. त्याने तोंडावर हात धरला, तरी ते फुटलेच.

मिरिका एकदम थांबली. "तू हसू नकोस. तुझ्यावर मी रागावलेय."

"हो, ताई."

"बुधवारी पलीकडे ये. दळायला. गुरुवारीही. मोड माझे मी करीन, दगडी जातं तू ओढायचंस. अजून रागावलेली असेन."

"येईन."

तिने वल्ह्याने काठ ढकलला. होडी दोन हात पाण्यात गेली. येरेमिया काठावर वाकड्या मानेने उभा होता, तोंडावरचा हात अजून तिथेच.

"बरं, हस," ती म्हणाली. "थोडंसं. आजच्यापुरतं."